कट्टा म्हणजे बसायचा : रेंजवरच्या गप्पांत नवीन माणसाला पडणारे प्रश्न

आम्ही कोल्हापुरातले आठ-दहा जण. कोणी बँकेत, कोणी शाळेत, एकाचं फौंड्रीचं युनिट. रविवारी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर सराव करायचा आणि नंतर चहाच्या गाड्याशेजारी बसून दुपारपर्यंत बोलत राहायचं, एवढाच आमचा उद्योग. फोटो-बातम्या टाकायला मोबाइलवर 'कट्टा' नावाचा ग्रुप. सराव दीड तास चालतो आणि गप्पा तीन तास. नवीन कोणी येऊन बसला की तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि जुनी मंडळी चहाच्या कपात बघायला लागतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. जसे आठवले तसे लिहिलेत, त्यामुळे क्रम शोधू नका.

तुमच्या ग्रुपचं नाव 'कट्टा' कशाला ठेवलंय? पोलीस विचारत नाहीत?

पेपरात 'गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त' अशी बातमी आली की तिचं कात्रण ग्रुपवर पडतं आणि खाली 'आपलं नाव आलं रे' म्हणून चार जण हसतात. आमचा कट्टा सिमेंटचा आहे. त्याच्यावर बसतात, तो कमरेला खोचत नाहीत. नाव ठेवताना कोणाच्या डोक्यात दुसरा अर्थ आला नाही. आला तेव्हा उशीर झाला होता.

'जिवंत काडतूस' या शब्दावर मात्र आमच्यात एक जण अजून अडून बसलाय. त्याचं म्हणणं, मग वापरलेल्याला 'मयत काडतूस' का म्हणत नाहीत? त्याला पुंगळी म्हणतात हे सांगून झालंय. पटत नाही.

ह्या बंदुका खऱ्या असतात का?

आमच्यातले बहुतेक जण दहा मीटरवरून एअर रायफल किंवा एअर पिस्तूल मारतात. दारू नाही, धूर नाही. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते आणि ती डमरूच्या आकाराचा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. छर्र्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. आवाज 'टप्' एवढाच. दोघे-तिघे 'पॉइंट टू टू' मारतात, म्हणजे ५.६ मिलिमीटरची, काडतूस घालायची. ती परवान्याची.

पण खरी का, याचं उत्तर एकच : डोळा जाईल इतकी खरी. म्हणून रेंजवर रिकामी बंदूकही भरलेली आहे असं समजूनच हाताळतात. नळी कायम टार्गेटकडे किंवा वर, आणि मारत नसाल तेव्हा नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घातलेली. ही दोरी लांबून दिसते. ती दिसली की आत छर्रा नाही हे बाकीच्यांना न विचारता कळतं.

हवेच्या बंदुकीला परवाना लागतो का?

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअरगन असेल तर लागत नाही. आमच्या स्पर्धेच्या रायफली या मर्यादेच्या पुष्कळ खाली असतात. दुकानदार ओळखपत्राची प्रत मागतो. वाद न घालता द्या.

काडतुसाच्या बंदुकीचं प्रकरण वेगळं. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा, वय २१ पूर्ण, जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचा परवाना, चौकशी, आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक बहुधा पोलीस ठाण्यात जमा. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत. त्यांच्याकडे कधी बसलात तर हा जमा करण्याचा विषय काढा, तासभराची निश्चिंती. रानडुकराला आचारसंहिता कळत नाही, असं त्यातल्या एकाने आम्हाला ऐकवलं होतं.

पॉवर वाढवून मिळेल का?

नाही. आणि विचारणाऱ्याला दुसरा चहा नाही.

मी जत्रेत दहापैकी नऊ फुगे फोडतो. मला लगेच जमेल ना?

हा प्रश्न ज्याने विचारला नाही असा नवखा अजून यायचाय. जत्रेतल्या बंदुकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा तो उंचवटा, बहुधा वाकडी झालेली असते. त्यामुळे तिथे नऊ फुगे फोडणं ही खरोखरच कला आहे, कारण तुम्ही पहिल्या दोन छर्र्यांत तिची खोड ओळखून पुढचे सगळे मुद्दाम चुकीच्या जागी नेम धरून मारता. पण फुगा केवढा असतो बघा. आमच्या एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा त्याच्यापेक्षा नऊपट रुंद. ठिपका पूर्ण उडाला तरी समाधान नसतं, कारण मशीन दशांशात मोजतं : १०.१, १०.४, १०.७. सगळ्यात वर १०.९. साठ शॉट, पाऊण तास अधिक अर्धा तास. साठच्या साठ १०.९ लागले तर ६५४. तसे कोणाचेच लागत नाहीत.

एअर पिस्तुलाचा दहा मोठा असतो, ११.५ मिलिमीटर. रायफलवाले त्यावरून पिस्तूलवाल्यांना चिडवतात. पिस्तूलवाले म्हणतात, मग एका हाताने धरून दाखव.

पॅरिसच्या ऑलिंपिकमधला तो खिशात हात घातलेला तुर्की काका खरंच तसाच आला होता का?

ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा आलेला फोटो हाच. युसुफ डिकेच. वय ५१, साधा टी-शर्ट, रोजचा चष्मा, डावा हात खिशात. ३० जुलै २०२४ ला दहा मीटर एअर पिस्तूल मिश्र सांघिकमध्ये शेव्वाल इलायदा तारहानबरोबर रौप्य. लोकांनी त्याच्यावर इतके विनोद केले की माणूस वाटेने जाता जाता मॅच मारून गेला असं वाटावं. प्रत्यक्षात ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं. २००८ पासून तो प्रत्येक ऑलिंपिकमध्ये उतरतोय आणि पदक मिळालं ते पाचव्या खेपेला. त्याच प्रकारात कांस्य आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगचं होतं, तेवढं लक्षात ठेवा. आमच्याकडे काकांचा फोटो पाठवणाऱ्याला हे विचारतात.

आता खिसा. पिस्तूल एका हाताने मारायचं हा नियमच आहे. दुसरा हात मोकळा सोडला तर तो हलतो, त्याच्याबरोबर खांदा हलतो आणि खांद्याबरोबर नेम. म्हणून कोणी तो खिशात घालतं, कोणी पट्ट्यात अंगठा अडकवतं. आमच्याकडचे पिस्तूलवाले पायजम्याचा खिसा नसला तर बेचैन होतात. तुम्हाला जी ऐट वाटली, ती हात बांधून ठेवायची सोय आहे.

त्याने डोळ्यावर झापड लावली नव्हती, कारण तो दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतो. हे ज्याला जमतं त्याला जमतं. आमच्यातल्या एकाने त्या आठवड्यात सगळी सामग्री घरी ठेवून तसंच मारलं. गुण सांगत नाही, माणूस अजून ग्रुपमध्ये आहे.

आणि ती कोरियाची मुलगी, सायन्स फिक्शनमधल्यासारखा चष्मा घातलेली?

किम येजी. तिचा गाजलेला व्हिडिओ पॅरिसचा नाहीच. तो मे २०२४ मधल्या बाकूच्या विश्वचषकाचा. २५ मीटर पिस्तुलात ४२ गुणांचा विश्वविक्रम केल्यावर ती पिस्तूल खाली घेते, चेहऱ्यावरची रेष हलत नाही, कमरेला कापडी हत्ती लटकतोय. हत्तीमुळेच तो व्हिडिओ गाजला असं आमच्यातल्या निम्म्यांचं मत. पॅरिसमध्ये तिने दहा मीटरला रौप्य घेतलं आणि ज्या २५ मीटरवर तिचा विक्रम होता तिथे एक शॉट वेळ संपल्यावर सुटला, त्याचे शून्य मिळाले आणि ती अंतिम फेरीच्या बाहेर. आम्ही हा शून्य नवीन मुलांना सांगतो. विक्रम त्यांना आधीच माहीत असतो.

चष्म्याचं म्हणाल तर तो चष्मा कमी आणि झापड जास्त. एक डोळा मिटून धरला की गालाचे स्नायू ताणतात आणि अर्ध्या तासात डोळा पाणावतो. त्यापेक्षा त्याच्यापुढे एक पट्टी लावायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. नेमाच्या डोळ्यापुढे लहान-मोठं करता येणारं छिद्र असतं, त्याने कडा ठसठशीत दिसतात. अजून एक गंमत : पिस्तुलात नजर माशीवर ठेवायची असते, टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. ज्याला टार्गेट स्वच्छ दिसतंय त्याचा नेम चुकणार. नवख्याला हे पटायला तीन महिने लागतात.

रायफलवाले बदकासारखे का चालतात?

कॅनव्हास आणि चामड्याची पँट. जाकीटही तसंच, पाठीचा कणा धरून ठेवणारं. पाच-साडेपाच किलोची रायफल सव्वा तास उभ्याने पेलायची म्हणजे पाठीला काहीतरी आधार लागतोच. पण आधार किती, यावर नियम कडक. स्पर्धेत कापडाची जाडी मोजतात, एका थराला २.५ मिलिमीटरच्या वर गेली की बाद, आणि कापड किती ताठ आहे हे तपासायलासुद्धा यंत्र असतं. मे महिन्यात कोल्हापुरात हे घालून उभं राहणं म्हणजे काय ते विचारू नका. सराव झाल्यावर जाकिटं तारेवर वाळत घातलेली असतात. तो फोटो बाहेरच्याला विचित्र वाटतो. वास फोटोत येत नाही हे बरंय.

रायफलची लांब पेटी घेऊन रिक्षात बसलो की 'गिटार का?' असं विचारतात. मी हो म्हणतो. एकदा रिक्षावाल्याने 'भावा, एक वाजव की' म्हटलं, तेव्हापासून कीबोर्ड सांगतो.

'दहा शॉट, एक भोक' असे फोटो टाकतात ते खरे असतात का?

असू शकतात. चांगल्या रायफलने दहा मीटरवरून दहा छर्रे एकाच फाटक्या भोकातून जाणं ही काही जादू नव्हे. पण कागदावर एकच भोक असेल तर पहिला प्रश्न : बाकीचे नऊ कुठे गेले? आता रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट आल्यामुळे पडद्यावर प्रत्येक शॉट क्रमांकासह दिसतो आणि थापेला जागा उरली नाही. कागदाच्या काळातले लोक त्याबद्दल थोडे हळहळतात.

आजवरची सगळ्यात मोठी चूक कोणाची?

कट्ट्यावर ही स्पर्धा दर रविवारी होते. कोणी सिलिंडर न भरता फायनलला गेलंय, कोणी छर्रा न घालता दहाची वाट बघितलीय. पण मॅट एमन्सच्या पुढे कोणी जात नाही. २००४, अथेन्स, ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायचा रायफलचा प्रकार. अमेरिकेचा हा नेमबाज शेवटच्या शॉटला तीन गुणांनी पुढे होता. साधारण बरा शॉट मारला असता तरी सुवर्ण. त्याने मारला, उत्तम मारला, आणि त्याच्या टार्गेटवर काहीच उमटलं नाही. शेजारच्याच्या टार्गेटवर उमटलं. याला आमच्यात 'क्रॉस फायर' म्हणतात. शून्य गुण, थेट आठवा.

त्या संध्याकाळी त्याचं सांत्वन करायला आलेली चेक नेमबाज कातेरिना कुर्कोव्हा. २००७ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं अगदी पहिलं सुवर्ण तिने घेतलं. त्यामुळे आमच्याकडे कोणाचा क्रॉस फायर झाला की त्याला विचारतात, 'स्थळ बघायला सुरुवात करू का?'

तुम्ही लोक शब्दांवरून सारखे का भांडता?

कारण वेळ असतो. गोळी म्हणजे फक्त पुढचं शिसं. काडतूस म्हणजे गोळी, दारू, पुंगळी सगळं मिळून. 'माझ्याकडे दहा गोळ्या आहेत' म्हटलं की कोणीतरी 'कसल्या, तापावरच्या?' विचारणारच. रिव्हॉल्वरला फिरती चक्री असते, पिस्तुलाला नसते. बातमीत दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात एकाच हत्याराला लावलेले असतात आणि आमचा रविवार भागतो. मॅगझिन म्हणजे दिवाळी अंक नव्हे, हा विनोद इतका जुना झालाय की आता करणाऱ्याला दंड आहे.

बारा बोअरचं कोडं मात्र सांगण्यासारखं आहे. बँकेच्या दारात रखवालदाराकडे असते ती. बारा म्हणजे मिलिमीटर नव्हे, इंच तर नव्हेच. त्या नळीत बरोबर बसतील असे शिशाचे गोल गोळे करायचे, ते बारा मिळून एक पौंड भरतात, म्हणून बारा बोअर. त्यामुळे आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअर बारापेक्षा लहान. हे ऐकल्यावर फौंड्रीवाला मित्र एवढंच म्हणाला, 'माप काढायची ही रीत ज्याने काढली त्याला माझ्याकडे नोकरी नाही.'

आपल्या भाषेतही हा माल भरपूर पडलाय. फुसका बार, नेम चुकणे, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे. खांद्याच्या म्हणीवर रेंजचे कोच एवढंच सांगतात की स्वतःच्या खांद्यावर आधी नीट ठेवायला शिका.

बंदुकीबरोबर फोटो काढून टाकला तर चालेल का?

चापावर बोट असेल तर नाही. नळी कॅमेऱ्याकडे असेल तर मुळीच नाही, ती रिकामी आहे हे तुम्ही शपथेवर सांगितलं तरी. आरशासमोर पिस्तूल धरून 'भाऊ' होणाऱ्यांचा फोटो आला की अॅडमिन तो काढतो आणि माणसालाही. नवीन पोरांना हे कडक वाटतं. पण शनिवारी टाकलेला फोटो सोमवारी कुठल्या मजकुराखाली फिरत असेल याचा भरवसा नाही.

लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओही पाठवू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा आनंदाच्या बारालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि वर गेलेली गोळी खाली येते, हे शाळेत शिकवलेलं असतं.

खंडेनवमीला रायफलची पूजा करता का?

करतो, आणि दरवर्षी त्याचे फोटो बघून परगावचे नेमबाज चक्रावतात. पाटावर तीन रायफली, दोन पिस्तुलं, छर्र्यांचे डबे, झेंडूचे हार. हौसेने कोणी लेथवरचे पानेही आणून ठेवतं. एका वर्षी कोणाच्या तरी आईने मनापासून हळद-कुंकू वाहिलं, ते मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या छिद्रात गेलं आणि त्या मुलाला पुढचे पंधरा दिवस टार्गेट लालसर दिसत होतं. आता कुंकू पेटीला लावायचं, नळीपासून लांब, असा ठराव आहे. नारळ तर बाहेरच फोडतात.

माझ्या आजोबांचा वाघावर पाय ठेवलेला फोटो आहे. पाठवू का?

पाठवा. पण 'क्या बात है' म्हणणारे इथे मिळणार नाहीत. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते सोडून हरणांची शिकार व्हायची, दाजीपूरचं जंगल राखीव होतं ते शिकारीसाठीच, हा इतिहास इथल्या जुन्या घरांतल्या भिंतींवर लटकलेला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते सगळं संपलं. आमच्याकडे अशा फोटोत लोक वाघ बघत नाहीत, हातातली बंदूक कुठली आणि आजोबांनी बोट कुठे ठेवलंय ते बघतात. आजोबांचं बोट जवळजवळ नेहमीच चापावर असतं.

यावरून पक्षितज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट निघतेच. मुंबईत लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका होता, नेहमीची दिसेना. कुठली म्हणून विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिथले सचिव मिलार्डसाहेब यांच्याकडे धाडलं. तिथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले गेले आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं. पक्षिनिरीक्षक मंडळी ही गोष्ट जरा अवघडून सांगतात, आमच्यातले अभिमानाने. मला वाटतं दोघांनीही जरा बेतानं घ्यावं. आज तोच छर्रा मारणाऱ्या पोराला रेंजवरून हाकलून देतात, आणि योग्यच करतात.

बंदुकीशिवाय तुम्हाला दुसरा काही नाद आहे का?

यादी केली तर वेड्यांचा बाजार वाटेल. एकाला जुनी घड्याळं उघडायची खोड आहे. एक जण अक्रोडाच्या लाकडाची पिस्तुलाची मूठ कोरतो, लांबी म्हणजे पुट्टी भरून, घासून, हाताच्या प्रत्येक वळणाला बसेल अशी. ती पूर्ण झाली की त्याला वाटतं अंगठ्याजवळ जरा जास्तच घासलं गेलं, म्हणून पुन्हा लांबी. चार वर्षं हेच चाललंय. दोघे फोटोग्राफी करतात आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे : कमी उजेडात कॅमेरा न हलवता बटण दाबणं आणि चाप दाबणं यात बोटाला फरक कळत नाही. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, दाबायचं, आणि दाबल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. त्या शेवटच्या भागाला 'फॉलो थ्रू' म्हणतात. छर्रा नळीबाहेर पडायच्या आत तुम्ही निकाल बघायला मान वर केलीत की गेला.

आणि मी गडांवर जातो. तटातल्या जंग्या बघायला. जंग्या म्हणजे तटबंदीत बंदुकीसाठी ठेवलेली तिरकी भोकं. आतून वाकून बघितलं की चढून येणाऱ्याची वाट नेमकी दिसते, बाहेरून बघितलं तर अंधार. लोक त्यात मोबाइल घालून सूर्यास्ताचे फोटो काढतात. काढा. पण एकदा गुडघा टेकून, उजवा खांदा भिंतीला लावून बघा. तोड्याची बंदूक घेऊन, हातातली जळती वात पावसापासून जपत तिथे माणूस किती वेळ बसला असेल याचा अंदाज तुमच्या गुडघ्याला येतो.

सिनेमात सायलेन्सर लावला की 'फुच' होतं, तसंच होतं का?

नाही. आणि गोळी लागलेला माणूस मागे उडून काच फोडत नाही, नाहीतर मारणाराही तेवढ्याच जोराने मागे उडाला असता. सिनेमा बघायला आमच्याबरोबर जाऊ नका.

घरी सराव कसा करता? शेजारी काय म्हणतात?

बहुतेक सराव छर्र्याशिवायचाच असतो. कोऱ्या भिंतीकडे रायफल धरून नुसतं उभं राहायचं, याला होल्डिंग म्हणतात. रिकामा चाप ओढायचा, तो ड्राय फायर. आमची सौ. पहिल्या महिन्यात विचारायची, 'अहो, भिंतीत काय दिसतंय?' आता ती पाहुण्यांना 'त्यांची साधना चाललीय' सांगून आत घेऊन जाते. खिडकीचा पडदा ओढून घ्या. समोरच्या इमारतीतून दिसणारं दृश्य तुमच्या डोळ्यांनी एकदा बघा, म्हणजे का ते कळेल.

खर्च किती येतो?

सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही, क्लबची रायफल असते. स्वतःची स्पर्धेची परदेशी रायफल घ्यायची म्हटलं तर दोन लाखांच्या पुढे, वर जाकीट, पँट, बूट. पहिलं वर्षभर काही घेऊ नका. माझ्या पहिल्या उत्साहात एका दुकानातून घेतलेलं जाकीट दोन मापांनी मोठं निघालं. ते आता पावसाळ्यात स्कूटरवर घालतो.

मुलीला आणलं तर चालेल का? बाकी सगळी मुलंच असतात ना?

कोल्हापुरात हा प्रश्न विचारताय? २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत इथली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेणारी राही सरनोबत इथली, तेही बरोबरी होऊन पुन्हा पुन्हा शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी तोडायच्या जादा फेऱ्या, खेळून. त्याआधी मुंबईची अंजली भागवत, ती एनसीसीतून आलेली. मुलग्यांमधलंच नाव सांगायला आम्हाला इतकी वर्षं नव्हतं. मग १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं. तेव्हा तो रेल्वेत टीसी होता. त्या दिवशी कट्ट्यावर चहाचे पैसे गाडीवाल्याने घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी घेतले, दोन्ही दिवसांचे.

खायच्या आधी हात धुवायचा एवढा आग्रह का?

छर्रे शिशाचे. सराव करून तसाच वडा उचलणाऱ्याच्या हातावर आम्ही मारतो. साबणाने, नळाखाली, आधी.

मी कधी येऊ?

रविवारी, साडेदहानंतर. गुण विचारू नका, ज्याचे चांगले आलेत तो स्वतःच सांगेल. पहिल्या दिवशीचा चहा नवीन माणसाने पाजायचा असतो असं तुम्हाला कोणीतरी गंभीर चेहऱ्याने सांगेल. असा काही नियम नाही. तो माणूस बहुतेक मीच असेन.